बेस गिटारच्या तारा निवडताना: पाकिटावरच्या आकड्यांचा अर्थ

गणेशोत्सव तोंडावर आला की नागपुरातल्या ऑर्केस्ट्रांच्या तालमींना जोर चढतो आणि कॉलेजच्या बँडांची वाद्ये कपाटाबाहेर निघतात. वर्षभर पडून राहिलेल्या बेस गिटारचा आवाज अशा वेळी बसल्यासारखा वाटतो आणि कोणीतरी सुचवते, की तारा बदलून पाहा. बर्डीवर किंवा सदरमध्ये वाद्यांच्या दुकानात गेले, की पाकिटांवर ‘45-65-85-105’, ‘राउंडवाउंड’, ‘निकेल प्लेटेड’, ‘लाँग स्केल’ असे शब्द आणि आकडे दिसतात. त्यांचा उलगडा मात्र सहसा कोणी करून देत नाही. बेसचा सेट साध्या गिटारच्या सेटपेक्षा कितीतरी महाग असतो, त्यामुळे चुकीची निवड खिशाला लागते. त्याहून वाईट गोष्ट अशी, की बोटे दुखू लागली किंवा सूर नीट लागेना, तर शिकणारा मुलगा किंवा मुलगी आपल्याच हातात दोष आहे असे समजून बसते, आणि तो दोष पुष्कळदा तारेत असतो.

‘सगळ्यांत चांगली तार कोणती’ हा प्रश्न मुळातच सोडून द्यावा, असे माझे मत आहे. आधी आवाज कसा हवा ते ठरवावे, मग हाताला ताण किती झेपतो ते पाहावे. धातू आणि कंपनी यांचा विचार त्यानंतर करावा. दुकानात बहुतेक वेळा हा क्रम नेमका उलटा होतो.

## खर्जासाठी जाड तारच का लागते

तारेचा सूर तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी 1636 मध्ये हे नियम मांडले. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आठवावी: कोरडी आणि ताणलेली दोरी झटका दिल्यावर भराभर थरथरते, तीच पावसात भिजून जड झाली की संथपणे हेलकावते, आणि दोन खांबांमधले अंतर वाढवले तर आणखी संथ होते. वाद्याच्या तारेलाही हेच लागू आहे. कंपने जितकी संथ, तितका सूर खाली.

बेसच्या चार तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी आणि जी या सुरांत लावतात. त्यातली ई सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, ए 55 वेळा, डी सुमारे 73 वेळा आणि जी 98 वेळा. साध्या गिटारच्या जाड चार तारांपेक्षा हे सूर एक पूर्ण सप्तक खाली आहेत, म्हणजे कंपने निम्मी आहेत. केवळ लांबीच्या जोरावर हे साधायचे, तर तार दुप्पट लांब करावी लागली असती आणि इतक्या लांब मानेवर हात पोचला नसता. साध्या गिटारची तार नटापासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (शरीरावरचा तारांचा आधार) साधारण 25 इंच असते, बेसची बहुधा 34 इंच. उरलेली तूट वजन वाढवून भरून काढतात. तंबोऱ्यात खर्जाची तार इतर तारांहून जाड असते, त्याचे कारणही हेच आहे.

परंतु एकसंध पोलादाची इतकी जाड तार घेतली, तर ती ताठ होते. तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाने होणारी आणि आवाजाला रंग देणारी कंपने, नेमक्या पटीत न राहता किंचित चढी होतात आणि सूर बेसूर भासतो. म्हणून बेसची तार दोन भागांची करतात: आत पोलादाचा बारीक गाभा आणि त्यावर गुंडाळलेले धातूचे वेढे. गाभा ताण झेलतो, वेढे वजन वाढवतात, आणि तार जाड असूनही लवचीक राहते.

## आवाज ठरवतो तो वरचा वेढा

सर्वांत वरचा वेढा गोल तारेचा असेल, तर त्या तारेला राउंडवाउंड म्हणतात. चपट्या पट्टीचा असेल, तर फ्लॅटवाउंड. राउंडवाउंडवरून नख फिरवले तर बारीक खाचा लागतात आणि करकर असा आवाज येतो. फ्लॅटवाउंडवरून बोट अडखळल्याशिवाय सरकते. तारा बदलून बेसचा स्वभाव जितका बदलतो, त्यातला सर्वांत मोठा वाटा या एका निवडीचा असतो.

लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा बेसवर फ्लॅटवाउंड तारा असत. त्यांचा नाद गोल आणि गडद असतो, स्वर उमटताच ठळक लागतो आणि उपस्वर लवकर ओसरतात. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा वापरत असे, आणि तार तुटल्याशिवाय ती बदलायची नाही, अशी त्याची ख्याती होती. दुसऱ्या टोकाला ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा जॉन एंटविसल होता. त्याला पियानोच्या खालच्या पट्टीसारखा खणखणीत आवाज हवा होता आणि रोटोसाउंड कंपनीने 1966 मध्ये त्याच्या मदतीने राउंडवाउंड तारांचा संच सिद्ध केला. आज नव्या बेसवर कारखान्यातून बहुधा राउंडवाउंड तारा लावूनच येतात.

आपल्याकडच्या वादकाने यातून काय घ्यावे? जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा कार्यक्रम असेल, चर्चमधल्या गायनाला साथ करायची असेल किंवा ढोलक-तबल्याच्या खाली शांतपणे आधार द्यायचा असेल, तर फ्लॅटवाउंडचा आवाज गायकाच्या वाटेत येत नाही. रॉक वाजवायचे असेल, अंगठ्याने तार ठोकून वाजवायची असेल किंवा भीमगीतांच्या खुल्या मैदानावरच्या कार्यक्रमात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड यांच्या गर्दीतून वाट काढायची असेल, तर राउंडवाउंडचे उपस्वर कामी येतात.

यावर एक शंका हमखास येते, की बेसचे काम खालचा सूर देणे हेच असेल, तर वरच्या उपस्वरांची चिंता कशाला? याचे उत्तर ऐकणाऱ्याच्या कानात आणि स्पीकरमध्ये आहे. मोबाइलचा छोटा स्पीकर 41 कंपनांचा स्वर जवळजवळ वाजवूच शकत नाही; तरीही मोबाइलवर बेस ऐकू येतो, कारण 82, 123 आणि त्यापुढचे उपस्वर ऐकून मेंदू मूळ स्वर भरून काढतो. ज्या तारेचे उपस्वर दबलेले आहेत, ती मोठ्या सभागृहातल्या चांगल्या साउंडवर भरदार वाटेल आणि त्याच कार्यक्रमाच्या मोबाइलवरच्या चित्रफितीत नाहीशी होईल. हल्ली कार्यक्रम सभागृहात जितके लोक ऐकतात, त्याहून जास्त लोक फोनवर ऐकतात. तेव्हा हा विचार गौण मानू नये.

या दोहोंच्या मधला हाफवाउंड नावाचा प्रकारही मिळतो, ज्यात गोल वेढे गुंडाळून झाल्यावर वरून घासून अर्धे सपाट करतात. काळ्या नायलॉनच्या पट्टीने मढवलेल्या तारांचा आवाज आणखी मऊ असतो आणि काहीसा उभ्या डबल बेसकडे झुकतो. मात्र नायलॉनची एक अडचण विकत घेण्यापूर्वीच माहीत असावी. इलेक्ट्रिक बेसच्या धातूच्या तारा ब्रिजमार्फत ॲम्पच्या (ध्वनिवर्धकाच्या) अर्थिंगला जोडलेल्या असतात, त्यामुळे तारेला हात लागताच वीजपुरवठ्याची घरघर कमी होते. नायलॉनमुळे हात धातूपर्यंत पोचत नाही आणि घरघर तशीच राहू शकते. (याच जोडणीमुळे मंडपातले अर्थिंग सदोष असेल, तर तारांवर हात असताना ओठ मायक्रोफोनला लागून झटका बसू शकतो. कार्यक्रमापूर्वी अर्थिंग तपासून घेण्याचा आग्रह वादकाने धरलाच पाहिजे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.)

## पाकिटावरचे आकडे काय सांगतात

‘45-65-85-105’ हे आकडे चार तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. यालाच गेज म्हणतात. 45 म्हणजे 0.045 इंच, अर्थात सुमारे 1.14 मिलिमीटर, 105 म्हणजे सुमारे 2.67 मिलिमीटर. पहिला आकडा सर्वांत बारीक जी तारेचा आणि शेवटचा सर्वांत जाड ई तारेचा. 45 ते 105 हा सेट मध्यम समजला जातो, 40 ते 100 हलका आणि 50 ते 110 जड. पाच तारांच्या बेसला आणखी खालची बी तार असते, जिची कंपने सेकंदाला सुमारे 31 असतात आणि जाडी बहुधा 125 किंवा 130.

खरे महत्त्व जाडीपेक्षा ताणाला आहे, कारण बोटाला जाणवतो तो ताण. 34 इंची बेसवर एकेका तारेचा ताण साधारण 18 ते 23 किलो असतो आणि चार तारा मिळून बेसच्या मानेवर 80 किलोंच्या आसपास ओढ पडते. एकाच बनावटीच्या तारांत 105 च्या जागी 100 ची तार लावली आणि सूर तोच ठेवला, तर ताण सुमारे 9 टक्के कमी होतो. पाच हजारांश इंचाचा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. तासभराच्या तालमीनंतर मनगटाला तो नक्की कळतो.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. गायकाच्या सोयीसाठी अनेक बँड सगळी वाद्ये अर्ध्या स्वराने उतरवतात. त्यामुळे तारेचा ताण सुमारे 11 टक्के घटतो. पूर्ण एका स्वराने उतरवले, तर तो जवळजवळ 21 टक्के घटतो आणि हलक्या सेटची ई तार इतकी सैल पडते, की ती पडद्यांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडू लागते. नेहमी उतरत्या पट्टीत वाजवणाऱ्याने म्हणूनच एक पायरी जाड सेट घ्यावा.

## जाड तारा लावल्या की आवाज भारदस्त होतो का

हा समज सर्वदूर आहे आणि तो अर्धाच खरा आहे. जड तारेत चुंबकीय पिकअपला (तारेची कंपने विजेत बदलणाऱ्या भागाला) टिपण्यासाठी धातू अधिक असतो आणि ती जोराने छेडली तरी ताळ्यावर राहते, त्यामुळे दणकट हाताच्या वादकाला जाड तारेतून भरीव आवाज मिळतो. पण हलक्या हाताने छेडणाऱ्याला तीच तार दाबण्यात आणि हलवण्यात शक्ती घालवावी लागते, स्वर अपुरा उमटतो आणि आवाज उलट कोता वाटतो. बारीक तारेत उपस्वर मोकळे असतात, बोटे जलद चालतात. मात्र जोराने ओढली तर तिचा सूर क्षणभर चढतो. तेव्हा जाडी ही आवाजाइतकीच वादकाच्या छेडण्याची बाब आहे.

शिवाय जाडीवरून ताणाचा अंदाज दर वेळी बरोबर येतोच असे नाही. फ्लॅटवाउंड म्हटले की कडक तार, असे मानले जाते आणि जेमरसनच्या 52 ते 110 च्या सेटबाबत ते खरेही आहे. परंतु ऑस्ट्रियातल्या थोमास्टिक-इनफेल्ड कंपनीचा 43-56-70-100 हा फ्लॅटवाउंड सेट त्याच्या मऊपणासाठीच प्रसिद्ध आहे. गाभा किती जाड आणि वेढे किती, यावर बरेच अवलंबून असते. काही कंपन्या प्रत्येक तारेचा ताण पाकिटावर किंवा आपल्या संकेतस्थळावर देतात. तो आकडा मिळत असेल, तर गेजच्या आधी तोच वाचावा.

गेज बदलताना आणखी एक खर्च गृहीत धरावा. तारांची ओढ बदलली की मानेचा बाक बदलतो, आणि मानेतल्या ट्रस रॉड नावाच्या सळईने तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ही सळई पाव वळसाच फिरवून थांबावे, तार पुन्हा सुरात लावून पाहावी आणि मगच पुढचा पाव वळसा द्यावा; जोर लावावा लागत असेल, तर काम जाणकाराकडे सोपवावे. जाड तार नटाच्या जुन्या खाचेत बसत नसेल, तर खाचही रुंद करावी लागते. बाराव्या पडद्यावर नुसता स्पर्श करून काढलेला स्वर आणि तिथेच दाबून काढलेला स्वर एक येतो का, हे ट्यूनरवर तपासावे. दाबलेला स्वर चढा आला, तर ब्रिजवरचा त्या तारेचा टेकू मागे घ्यावा. उतरता आला, तर पुढे आणावा.

## लांबी न पाहता घेतलेला सेट

‘लाँग स्केल’ या शब्दांकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. 34 इंची बेसला लाँग स्केल सेट लागतो, 32 इंचीला मीडियम आणि 30 इंचीला शॉर्ट. बेसच्या तारेचे टोक खुंटीकडे बारीक होत जाते आणि त्यावर बहुधा रंगीत रेशमी धागा असतो. आखूड बेसवर लांब तार लावली, तर हा बारीक भाग खुंटीपर्यंत येतच नाही आणि जाड भाग खुंटीला गुंडाळावा लागतो. तिथे वेढे सैल पडून तार निकामी होऊ शकते. लांब बेसवर आखूड तार लावली, तर बारीक भाग नटाच्या अलीकडे, वाजत्या भागात येतो. ज्या बेसमध्ये तारा शरीराच्या मागच्या बाजूने ओवतात, तिथे जास्तीची लांबीही मोजावी लागते. सोबत जुनी तार नेऊन, तिच्या ब्रिजकडच्या टोकाच्या गोळीपासून रेशमी धागा सुरू होईपर्यंतचे अंतर नव्या सेटवरच्या मापाशी ताडून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

लहान मुलांसाठी 30 इंची बेस सुचवतात त्यामागेही ताणाचेच गणित आहे. तीच तार, तोच सूर आणि 34 ऐवजी 30 इंच लांबी, एवढ्याने ताण सुमारे 22 टक्के कमी होतो.

## धातू आणि नागपूरची हवा

वेढ्यांचा धातू आवाजात फरक करतो, पण राउंड-फ्लॅटइतका नाही. निकेलचा मुलामा दिलेले पोलाद हे सर्वसाधारण कामासाठी पुरेसे आहे. शुद्ध निकेल थोडे गोड लागते. स्टेनलेस स्टील अधिक लखलखीत वाजते आणि गंजाला दाद देत नाही, परंतु बोटाला खरखरीत लागते आणि पडदे लवकर झिजवते. पडदे नसलेल्या बेसवर राउंडवाउंड लावल्यास लाकडावर ओरखडे उठतात. ब्राँझच्या तारा ॲकूस्टिक बेससाठी असतात; ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, म्हणून इलेक्ट्रिक बेसवर त्यांचा आवाज दुबळा येतो.

आपल्या शहराची हवा मात्र या निवडीत खरोखर लक्षात घ्यावी लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, पण बेस ज्या खोलीत ठेवलेला असतो तिथे बहुधा कूलर चालू असतो, आणि कूलर पाण्याच्या बाष्पीभवनानेच हवा थंड करतो. कूलरच्या झोतात उघड्यावर ठेवलेल्या वाद्याच्या तारा घामाने आधीच ओलसर झालेल्या असतील, तर त्यांच्यावर गंजाचे डाग उन्हाळ्यातच दिसू लागतात. पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. घाम जास्त येणाऱ्या वादकाने स्टेनलेस स्टीलच्या किंवा वरून पातळ संरक्षक थर दिलेल्या तारांना जादा पैसे मोजावेत. ते वसूल होतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसावी आणि वाद्य पिशवीत ठेवावे.

थंड खोलीत सुरात लावलेला बेस तापलेल्या मंचावर नेला, की पोलाद प्रसरण पावते आणि सूर उतरतो. म्हणून सूर मंचावर दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच पक्का करावा.

## जुन्या तारा उकळून पुन्हा वापरता येतात का

येतात, पण थोड्याच दिवसांसाठी. राउंडवाउंडच्या वेढ्यांच्या फटींत घाम, त्वचेचे कण आणि धूळ साचते, तार ठिकठिकाणी जड होते आणि उपस्वर मरतात. उकळल्याने ही घाण सुटते आणि खणखणीतपणा काही काळ परततो. परंतु जुनी तार उलटी करून उजेडात धरली, तर पडद्यांच्या जागी बारीक चपटे खड्डे दिसतात; ते उकळून भरत नाहीत. तार कुठेही सुरात न लागणे, बाराव्या पडद्यावरचे दोन स्वर काही केल्या न जुळणे, ही तार संपल्याची लक्षणे आहेत. फ्लॅटवाउंडला फटी नसल्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते, आणि तिची सुरुवातीची जादा किंमत त्यामुळे अनेकदा स्वस्तात पडते. एकच तार बदलली, तर नवी तार इतरांपेक्षा उठून वाजते, म्हणून राउंडवाउंडचा सेट पूर्णच बदलावा.

## मग पहिला सेट कोणता घ्यावा

34 इंची, चार तारांच्या बेसवर शिकायला सुरुवात केलेल्याने निकेल प्लेटेड राउंडवाउंड घ्यावे. बोटे नाजूक असतील तर 40 ते 100, नसतील तर 45 ते 105. काही महिने वाजवल्यावर आवाज टोचरा वाटू लागला, तर फ्लॅटवाउंडकडे वळावे. तारा सैल वाटू लागल्या, तर त्याच प्रकारात एक पायरी जाड सेट घ्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

तार चढवताना ती खुंटीच्या पुढे चार-पाच इंच ठेवून, आधी काटकोनात वाकवून, मग कापावी. न वाकवता कापली, तर गोल गाभ्याच्या तारेचे वेढे सुटू शकतात. खुंटीवर दोन ते तीन वेढे वरून खाली उतरत यावेत. नवी तार पहिले काही दिवस थोडी ताणते आणि सूर सोडते, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सेट बदलण्याऐवजी दोन-तीन दिवस आधी बदलावा, आणि उतरवलेल्या तारांपैकी धड असलेल्या तारा गुंडाळून वाद्याच्या पिशवीत ठेवाव्यात. बेसची तार क्वचितच तुटते, पण कार्यक्रमात मध्येच तुटली, तर रात्री नऊनंतर तशी दुसरी तार शहरात मिळणे कठीण असते.